खाती शंभर, मोबाइल तीन

ऑनलाइन फसवणूक पकडण्यासाठी ग्राफ सिद्धांत कसा वापरतात, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडले आहेत. उत्तरांत 'नोड' म्हणजे खाते, मोबाइल, पत्ता, ग्राहक, वस्तू अशी कोणतीही एक गोष्ट. 'जोडणी' म्हणजे दोन नोडमधला नोंदलेला संबंध. 'ग्राफ' म्हणजे अशा नोडांचे आणि जोडण्यांचे जाळे. एवढे माहीत असले की पुढचे समजायला अडचण येऊ नये.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेत संशयास्पद व्यवहार पकडायला रकमेचे आणि संख्येचे नियम लावलेले आहेत. तरीही भाड्याने दिलेली (म्हणजे खातेदाराने पैसे घेऊन टोळीला वापरायला दिलेली) खाती पोलिसांचा मेल आल्यावरच आम्हाला कळतात. ग्राफ वापरायचा तर सुरुवात कुठून करावी? महागडे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का? (बँक अधिकारी, सातारा)

सॉफ्टवेअरचे नंतर बघू. ही खाती नियमांतून निसटतात, कारण नियम एका वेळी एकच खाते तपासतो आणि भाड्याचे खाते एकेकटे बघितले तर अगदी साळसूद असते. केवायसी पूर्ण, खातेदार खरा, रक्कम मर्यादेच्या आत. टोळीला खाती हवी तेवढी मिळतात. पण ती चालवायला हँडसेट लागतात, माणसे लागतात, आणि दर खात्यामागे नवा हँडसेट घेणे कोणत्याही टोळीला परवडत नाही. म्हणून बरीच खाती मोजक्या मोबाइलवर फिरतात. खातेउताऱ्यात हे कुठेच उमटत नाही.

चार याद्या काढा. खातेदारांची मूळ माहिती (मोबाइल, पॅन, पत्ता, नॉमिनी, खाते उघडल्याची तारीख), लॉगिनची नोंद (खाते, डिव्हाइस आयडी म्हणजे हँडसेटची ओळख, आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, वेळ), ९० दिवसांचे व्यवहार (देणारा, घेणारा, रक्कम, सेकंदासह वेळ) आणि आजवर तक्रारीत आलेली किंवा गोठवलेली खाती. यांतून दोन वेगळे ग्राफ करा. एक ओळखीचा : कोणते खाते कोणत्या मोबाइलला, डिव्हाइसला, पत्त्याला जोडलेले आहे, याला दिशा नसते. दुसरा पैशाचा : याला दिशाही असते आणि वेळही. दोन्ही एकत्र कालवले की पुढे काहीच नीट मोजता येत नाही.

निम्म्याहून जास्त काम सफाईचे असते आणि बहुतेकांचे पाय तिथेच अडकतात. एक्सेल हा त्यातला सगळ्यात मोठा शत्रू. १५ अंकांपुढचा आकडा एक्सेलला संख्या म्हणून झेपत नाही. सोळावा अंक तो सरळ शून्य करतो. तुमचा खाते क्रमांक १६ अंकी असेल तर शेवटी १, २, ३ असलेली तीन वेगळी खाती एकच होऊन बसतात आणि तुम्हाला 'टोळी' सापडते. सुरुवातीची शून्येही तो खाऊन टाकतो. म्हणून खाते क्रमांकाचा रकाना आधी मजकूर म्हणून ठरवा, मगच फाइल उघडा. त्याहून बरे म्हणजे एक्सेलमध्ये उघडूच नका. मोबाइल नंबरांपुढचे ०, ९१, +९१ काढून सगळे दहा अंकी करा. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, त्यामुळे मोबाइलच्या प्रत्येक जोडणीला 'केव्हापासून केव्हापर्यंत' हवेच. समोरच्या बँकेचे विलीनीकरण झाले असेल तर एकच खाते जुन्या आणि नव्या आयएफएससीने दोनदा आलेले असते, तेही जुळवून घ्या.

आता ओळखीच्या ग्राफमधले गट शोधा. युनियन-फाइंड नावाची साधी पद्धत काही लाख नोडांवर साध्या लॅपटॉपवरही मिनिटभरात चालते. समजा खाते १ आणि २ एकाच डिव्हाइसवरून उघडले जातात, २ आणि ३ चा मोबाइल एक, ३ आणि ४ चा पत्ता एक. चारही एका गटात आली. १ आणि ४ मध्ये थेट काहीच सामायिक नाही, हे लक्षात घ्या. रकमेच्या नियमाला हे नाते कधीच दिसले नसते.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा मात्र एक अवाढव्य गट हाती येईल, त्यात निम्मी बँक असेल. घाबरू नका, सगळ्यांचेच असे होते. शाखेतल्या कोणीतरी मोबाइल नसलेल्या खातेदारांना ९९९९९९९९९९ टाकलेले असते. पीककर्जाच्या खात्यांवर सोसायटीच्या सचिवाचा नंबर असतो. पत्त्यात नुसते 'ग्रामपंचायतीजवळ' असते. मोबाइल कंपन्या एकाच आयपीवर हजारो ग्राहकांना बसवतात. असा एक नोड सगळ्यांना सगळ्यांशी जोडून टाकतो. म्हणून प्रत्येक मोबाइल, डिव्हाइस, पत्ता किती खात्यांना जोडलाय ते आधी मोजा, उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे शंभर डोळ्यांनी तपासा. उघड बनावट नोंदी काढून टाका. बाकीच्यांना वजन द्या : जितकी जास्त खाती, तितकी जोडणी हलकी. आयपीला एकट्याने गट जोडू देऊ नये. सोबत डिव्हाइस किंवा मोबाइल जुळत असेल तरच तो धरावा. डिव्हाइस आयडीवरही आंधळा विश्वास नको, कारण हँडसेट रीसेट केला की काही अ‍ॅपांत तो बदलतो.

मग पैशाच्या ग्राफकडे वळा. भाड्याच्या खात्यात पैसा टिकत नाही. एक नमुना बघा : ११.०२ ला एका खात्यात ४,८०,००० आले. ११.०६ ते ११.०९ मध्ये तीन खात्यांत दीड, दीड आणि पावणेदोन लाख गेले, मागे राहिले ५,०००. साडेअकरापर्यंत त्या तिघांतून दहा खात्यांत, प्रत्येकी ५० हजारांच्या आत, आणि तिथून एटीएम. इथे दोन आकडे बोलतात : तासाभरात बाहेर गेलेल्या आणि आत आलेल्या रकमेचे गुणोत्तर, इथे ०.९९, आणि पैसा खात्यात थांबल्याचा वेळ, इथे चार ते सात मिनिटे. माग काढताना वेळेचा क्रम पाळा. सकाळी १० ला बाहेर गेलेले पैसे ११ ला आलेल्या पैशांतले असू शकत नाहीत. हे वाचताना हास्यास्पद वाटेल, पण तारीखच घेऊन वेळ सोडून दिलेल्या फायलींवर असले उलटे माग नेहमी निघतात.

तीन-चार टप्प्यांपुढे जाऊ नका, आणि महावितरण, पेमेंट गेटवे, मोठे दुकानदार अशा नोडपाशी माग थांबवा. भाड्याच्या खात्यातून कोणी विजेचे बिल भरले, तर महावितरणच्या नोडमधून तुम्ही अख्ख्या महाराष्ट्राला जोडले जाल.

शेवटी तक्रारीतली खाती बीज म्हणून धरा आणि तिथून जोडण्यांवरून भटकंती सुरू करा. दर पावलाला सुमारे १५ टक्के शक्यतेने पुन्हा बीजाकडे परत या. ज्या खात्यांवर वारंवार पाऊल पडते त्यांना गुण जास्त. वेबपानांचे महत्त्व ठरवणाऱ्या गूगलच्या पेजरँकचीच ही एक तऱ्हा आहे. २००४ मध्ये वेबवरच्या बनावट पानांसाठी 'ट्रस्टरँक' म्हणून हाच विचार उलट बाजूने, म्हणजे विश्वासू पानांपासून सुरू करून, मांडला गेला होता. गुणांना नोडच्या जोडण्यांच्या संख्येने भागायला विसरू नका, नाहीतर गावातला किराणा दुकानदार यादीत पहिला येईल.

यातून संशयितांची यादी मिळते. थेट गोठवण्याची यादी म्हणून ती वापरू नका. हिशेब करा : एक लाख खात्यांत भाड्याची १०० आहेत. तुमची पद्धत त्यांतली ९० पकडते आणि चांगल्या खात्यांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून बोट ठेवते. म्हणजे ९० खरी आणि ९९९ खोटी. यादीतल्या बारा जणांमागे जेमतेम एक दोषी. आधी माणसाने बघायचे, मग फोन, मग व्यवहाराची मर्यादा कमी करणे, आणि गोठवणे सगळ्यात शेवटी.

एक मर्यादा तुमच्या हातात नाही. पैसा दुसऱ्या बँकेत गेला की तुमचा ग्राफ तिथेच तुटतो. भाड्याची खाती ओळखायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' बनवले, ज्याचा उल्लेख डिसेंबर २०२४ च्या पतधोरणात आला. आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये संशयितांची सामायिक नोंदवही सुरू केली. तुमच्या बँकेला या दोन्हींपर्यंत पोचता येते का, हे सॉफ्टवेअरची कोटेशन मागवण्याआधी विचारा.

प्रश्न : माझे स्टेशनरीचे दुकान आहे. कोणा गिऱ्हाइकाने यूपीआयने ८५० रुपये दिले आणि आठवड्याने माझे पूर्ण खाते गोठले. बँक म्हणते, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचा आदेश आहे. मी कुठल्या टोळीत कसा गेलो? (दुकानदार, नांदेड)

टोळीत नाही, मागात गेलात. कोणाचा तरी लुटलेला पैसा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात तुमच्या गिऱ्हाइकाच्या खात्यात आला आणि त्यातून त्याने वह्या-पेन घेतले. पीडित माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की त्या व्यवहारापासून पुढे एकेक टप्पा शोधत खाती रोखली जातात. वेग महत्त्वाचा असल्याने आधी रोखतात आणि विचार नंतर करतात. पहिल्या टप्प्यावर ते योग्यच आहे. चौथ्या टप्प्यावर तीच रीत दुकानदारांना मारते.

खरा प्रश्न आहे मिसळलेल्या पैशाचा. समजा एका खात्यात चांगले ९०,००० होते, त्यात चोरीचे १०,००० आले आणि मग त्यातून २०,००० बाहेर गेले. या वीस हजारांत चोरीचे किती? एक पद्धत म्हणते, थेंब पडला की सगळे बाटले : वीसच्या वीस हजार. दुसरी प्रमाण लावते : दहा टक्के, म्हणजे २,०००. तिसरी म्हणते, आधी आलेला पैसा आधी जातो : शून्य. ही तिसरी रीत १८१६ च्या एका इंग्लिश खटल्यातून, 'क्लेटन्स केस'मधून आली, आणि बिटकॉइनचा माग काढणाऱ्या काही संशोधकांनी अलीकडे तीच पुन्हा वर काढली. पहिली रीत सरसकट लावली तर पुरेशा टप्प्यांनंतर देशातले जवळजवळ प्रत्येक खाते बाटलेले निघेल.

तुम्ही काय करायचे : बँकेकडून तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि वादातली नेमकी रक्कम लेखी मागा. पूर्ण खाते न रोखता तेवढ्याच रकमेवर लीन लावावा, म्हणजे तेवढीच रक्कम अडकवून ठेवावी, असा अर्ज बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला ईमेलने द्या. काही उच्च न्यायालयांनीही वादातल्या रकमेपुरतेच रोखण्याची भूमिका घेतली आहे. सोबत त्या दिवसाचे बिल, स्टॉक रजिस्टरची नोंद, शॉप अ‍ॅक्टची प्रत आणि त्या व्यवहाराचा यूटीआर (दर व्यवहाराला मिळणारा वेगळा) क्रमांक जोडा. उत्तर आले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागेल. खाते मोकळे करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कोणाच्याही नादी लागू नका.

प्रश्न : आमच्या छोट्या खरेदी-संकेतस्थळावर काही विक्रेते पैसे देऊन पाच-पाच तारे मिळवतात. परीक्षणांची भाषा आता इतकी चांगली असते की वाचून ओळखता येत नाही. जोडण्यांवरून ओळखता येईल? (संकेतस्थळ चालक, पुणे)

येईल, आणि भाषेच्या मागे लागण्यापेक्षा हे बरे. एका बाजूला ग्राहक, दुसऱ्या बाजूला वस्तू, परीक्षण म्हणजे जोडणी. परीक्षणे विकणाऱ्याकडे मोजकी खाती असतात आणि तीच तो सगळ्या गिऱ्हाइकांसाठी राबवतो, म्हणून त्या खात्यांचा आणि त्या वस्तूंचा एक दाट ठोकळा तयार होतो. तो शोधायची रीत हातानेही करून बघता येते.

चार खाती घ्या, चौघांनीही त्याच तीन वस्तूंना तारे दिलेत : १२ जोडण्या. त्यांतल्या एका वस्तूला आणखी पाच खऱ्या ग्राहकांनी एकेक परीक्षण दिले. एकूण १७ जोडण्या, १२ नोड, भागाकार, म्हणजेच घनता, १.४२. आता सर्वांत कमी जोडण्यांचा नोड काढायचा आणि पुन्हा भागायचे. पाच ग्राहक एकेक करून गळतात : १.४५, १.५, १.५६, १.६३, १.७१. सहाव्यांदा काढायला गेलात तर राबवलेल्या खात्यांपैकी एक जाते आणि आकडा १.५ वर घसरतो. शिखर १.७१ ला होते, तिथे जे उरले होते तोच ठोकळा. ही पद्धत सर्वांत दाट भागाच्या निम्म्यापेक्षा कमी घनतेवर कधीच थांबत नाही, हे मोझेस चारिकर यांनी २००० मध्ये सिद्ध केले.

हुशार विक्रेता मग मुखवटा चढवतो : त्याच खात्यांवरून लोकप्रिय चार्जरला, नावाजलेल्या प्रेशर कुकरलाही परीक्षणे देतो. त्यावर उतारा कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या 'फ्रॉडार'ने २०१६ मध्ये दिला. वस्तूला जितकी जास्त परीक्षणे, तितके तिच्या प्रत्येक जोडणीचे वजन कमी. वजन म्हणजे परीक्षणांच्या संख्येत ५ मिळवून त्याच्या नैसर्गिक लॉगने १ ला भागायचे. चार परीक्षणांच्या वस्तूची जोडणी ०.४६ ची, पाच हजारांच्या वस्तूची ०.१२ ची. मुखवट्याच्या जोडण्या ठोकळ्याबाहेर जातात, त्यामुळे ठोकळ्याची घनता त्यांनी कमी होत नाही. ट्विटरच्या १४७ कोटी जोडण्यांवर ही पद्धत चालवून दाखवली आहे. तुमचे संकेतस्थळ तिला किस झाड की पत्ती.

चुकते कुठे? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा संच एकाच क्लासचे चाळीस विद्यार्थी घेतात आणि सगळे परीक्षण लिहितात. हाही दाट ठोकळाच. म्हणून वेळ बघा. फेसबुकने २०१३ मध्ये मांडलेल्या 'कॉपीकॅच'ने हेच धरले होते : तीच खाती, तीच पाने आणि प्रत्येक पानावर थोड्याच वेळाच्या अंतरात. विद्यार्थी आठवड्या-दोन आठवड्यांत विखुरतात आणि पाचव्या पुस्तकावर निम्मे जण लिहायचे विसरतात. राबवलेली खाती विसरत नाहीत.

प्रश्न : पैसा फिरून परत त्याच खात्यात आला म्हणजे गैरव्यवहार, असे म्हणतात. मग आमच्या भिशीचे काय? (गृहिणी, डोंबिवली)

तुमची भिशी ग्राफमध्ये भयंकर दिसते! बारा जणी, महिन्याला प्रत्येकी ५,०००, दर महिन्याला एकीची पाळी. वर्षाअखेर प्रत्येकीने प्रत्येकीला दिलेले असतात, म्हणजे १३२ दिशायुक्त जोडण्या. बारा नोडांत याहून जास्त बसतच नाहीत. नुसती वर्तुळे मोजणारा प्रोग्राम यावर पेटून उठेल. गणपती मंडळाच्या खात्याचेही तसेच : ऑगस्टमध्ये शेकडो छोट्या रकमा आत, आठवड्यात मांडववाला आणि मूर्तिकार यांना बाहेर.

फरक बाकीच्या गोष्टींत असतो. भिशीची तारीख आणि रक्कम ठरलेली, पैसा मिळालेल्या खात्यात तो काही दिवस राहतो, खाती जुनी, त्यांतून गॅस, शाळेची फी, किराणा असे इतर व्यवहार चालू, आणि प्रत्येकीचा मोबाइल वेगळा. भाड्याच्या खात्यांत यांतले सहसा एकही नसते. तेव्हा निर्धास्त राहा. फक्त भिशीचे पैसे 'माझ्या ओळखीच्याच्या खात्यात टाका' असे कोणी म्हणाले तर टाकू नका.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ग्राफ न्यूरल नेटवर्कने (जोडण्यांवरूनही शिकणाऱ्या मॉडेलने) फसवणूक ओळखायची आहे. डेटा कुठला घ्यावा? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

बँकेचा डेटा तुम्हाला कोणी देणार नाही, आणि देऊही नये. क्रिप्टो व्यवहारांचे विश्लेषण करणाऱ्या 'एलिप्टिक' कंपनीचा बिटकॉइन संच २०१९ पासून खुला आहे : २,०३,७६९ व्यवहार, त्यांच्यात २,३४,३५५ जोडण्या, ४९ कालखंड. बेकायदा ४,५४५, कायदेशीर ४२,०१९, बाकीच्यांवर कसलीच खूण नाही. संचासोबतच्या निबंधातच एक गोष्ट लिहिली आहे जी प्रकल्प करणारे वाचत नाहीत : साध्या रँडम फॉरेस्टने (अनेक निर्णय-वृक्षांचा कौल घेणाऱ्या पद्धतीने) ग्राफ न्यूरल नेटवर्कला मागे टाकले. तेव्हा आधी फॉरेस्ट चालवा, शेजाऱ्यांची सरासरी काढून ती त्याला द्या, आणि मगच नेटवर्ककडे वळा.

संच सरमिसळ करून फोडू नका. पहिले ३४ कालखंड शिकवायला, उरलेले १५ तपासायला. नाहीतर मॉडेल उद्याचे बघून आज ओळखते आणि निकाल खोटेच चमकतात. ४३ व्या कालखंडात एक ऑनलाइन काळा बाजार बंद पडला, त्यानंतर सगळीच मॉडेले कोसळतात. ते लपवू नका, तोच तुमच्या अहवालातला सर्वांत वाचनीय भाग होईल. आणि नुसती अचूकतेची टक्केवारी देऊन थांबू नका. खुणा असलेल्या व्यवहारांत सगळ्यांना निर्दोष म्हणणारे मॉडेलही इथे ९० टक्के अचूक ठरते. वरच्या शंभर संशयितांत खरे किती निघाले, ते द्या.